वस्तरा पुसायचे कागद

नॉरफोक, व्हर्जिनिया
३ जून १८३२, रविवार

ही वही हॅडलीसाहेबांनी दिली. हॅडली क्वेकर आहेत, सगळी माणसं सारखी मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातले. राखी टोपी घालतात, गुलामगिरीला पाप म्हणतात आणि मी 'साहेब' म्हटलं की खुर्चीतच चुळबुळ करतात. परवा गालावर फेस असतानाच म्हणाले, "लेम्युएल, तू गुलाम होतास. वाचायला शिकलास, स्वतःला विकत घेतलंस, दुकान थाटलंस. हे लिहून काढ. फिलाडेल्फियात आमची माणसं पुस्तक छापतील."

मी म्हटलं, "साहेब, ते छापलं तर इथं माझ्याकडे दाढीला कोण बसेल?"

"मग आधी नुसतं लिही. छापायचं मागाहून बघू. आणि साहेब म्हणू नकोस."

तर लिहितो. मी लेम्युएल पेव्ही, न्हावी. वय पंचेचाळिसाच्या आसपास. मालक घोडीच्या शिंगरांची जन्मतारीख लिहून ठेवत, आमची नाही, म्हणून आसपास.

अक्षरं मी वस्तरा पुसायच्या कागदांवर शिकलो. जुन्या वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे कापायचे, खिळ्याला टोचायचे आणि दाढी करताना वस्तऱ्यावरचा फेस त्यांना पुसायचा, ही आमच्या धंद्याची रीत. मालकानं मला एका न्हाव्याकडे भाड्यानं दिलं होतं. गिऱ्हाईक मोठ्यानं बातमी वाचायचं, मी ती कानात ठेवायचो, आणि कचरा टाकायला नेताना तुकड्यावरचा फेस खरवडून तीच बातमी शोधायचो. अजूनही छापलेलं काही दिसलं की मला साबणाचा वास येतो.

आता तामारबद्दल. तामार माझी बायको. धुणं-इस्त्री करते आणि अर्ध्या गावाच्या शर्टांच्या कॉलरीवर लाल दोऱ्यानं मालकांच्या नावाची अक्षरं टाचते. तिला ती नुसती चित्रंच. नऊ वर्षांपूर्वी मी तिला एका विधवा बाईकडून विकत घेतलं. कागदावर ती अजून माझी मालमत्ता आहे. मूल नाही. असतं तर तेही कागदावर माझं झालं असतं.

हसू नका. कायदाच तसा आहे. तिला मोकळी केली तर वर्षाच्या आत तिनं व्हर्जिनिया सोडायचं. मला राहू दिलं, कारण अर्जावर अर्ध्या गावानं सह्या केल्या. चांगला न्हावी सोडवत नाही कुणाला. धोबिणीसाठी कोण सही करणार? आणि गेल्या वर्षीच्या गुलामांच्या बंडानंतर तर तसला अर्ज कुणी चिमट्यानंही उचलणार नाही.

म्हणून मी तामारला सांगून टाकलंय की मुक्तीपत्र झालं, पत्र्याच्या पेटीत आहे, फक्त बाहेर बोलू नकोस. पेटीत आहे ते खरेदीखत. खरं सांगितलं असतं तर झुरत बसली असती. याला कुणी खोटं म्हणेल. मी म्हणतो, खरं व्हायला जरा वेळ लागणारं आहे, एवढंच.

११ जून, सोमवार

आज खुर्चीत कोर्टातले कारकून टॅबसाहेब. म्हणाले, "लेम, नवा कायदा लक्षात आहे ना? तुम्हा लोकांना जमवून कुणी अक्षरं शिकवली तर चाबूक."

"मी तर नुसत्या दाढ्या जमवतो साहेब."

खूप हसले. माझं दुकान वस्तऱ्यावर चालतं असं लोकांना वाटतं. ते चालतं या असल्या उत्तरांवर.

दुकान उघडण्याआधी मी तामारला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. ती समोर बसून जुने अंक कापते. हल्ली तिला मध्येच विचारायची सवय लागली आहे. "ते कुठं लिहिलंय?" मी बोट ठेवून दाखवतो. तिला त्यातलं काय कळणार, पण बाईमाणसाला आपल्याशी बोललेलं आवडतं.

कापायची तिची पद्धतही बदलली. पूर्वी मजकुराच्या मधून कात्री जायची. आता रकाना मोडत नाही, कडेकडेनं कापते. म्हटलं, "एवढी नजाकत कशाला? फेसच तर पुसायचाय."

"सरळ कापलं की बरं दिसतं," म्हणाली.

टापटिपीची आहे.

२४ जून, रविवार

आज खरं लिहितो. वही कुलपात असते आणि किल्ली चहाच्या डब्यात, तेव्हा भीती नाही.

मुक्तीपत्र करणं अवघड नाही. दोन साक्षीदार, एक कागद, कोर्टात एक चक्कर. पण त्या दिवसापासून वर्ष मोजायला सुरुवात. मग तामारला उत्तरेला जावं लागेल, म्हणजे मलाही. फिलाडेल्फियात काळे न्हावी गल्लोगल्ली आहेत. तिथं मी कोण? इथं कॅप्टन ट्रस्लो समुद्रावरून उतरले की बायकोच्या आधी माझ्याकडे येतात. हे दुकान मी शून्यातून उभं केलं. तामारला इथं काय कमी आहे? तिला कुणी हात लावत नाही, ओरडत नाही. कागदात असं काय ठेवलंय? आणि अगदी मनातलं लिहायचं तर, ती माझी आहे हे कुठंतरी लिहिलेलं आहे, याचं मला बरंही वाटतं. बाकी माझं म्हणावं असं या जगात फार थोडं लिहिलेलं आहे.

ती इस्त्री करत होती. म्हणाली, "आज बरंच लिहिलंस. काय लिहिलंस?"

"हवा," म्हटलं. "गरम आहे, वारा पडलाय."

"अख्खं पान हवाच?"

"या गावची हवा मोठी आहे."

१ जुलै, रविवार

आठवडाभर कॉफीत काकवी नाही. विचारलं तर म्हणाली, "संपलीय." बरणी तर भरलेली दिसते. उकाड्यानं माणसं तिरसट होतात.

कॅप्टन ट्रस्लोंनी तक्रार केली. "लेम, तुझ्या खिळ्यावर ती जहाज बुडाल्याची गोष्ट ओळीनं लागलीय. मी पाचव्या तुकड्यापर्यंत आलो आणि सहाव्यानं तू वस्तरा पुसलास. खलाशी वाचले की नाही, आता सांग." दुकानभर हशा. तुकडे ओळीनं कसे लागले कोण जाणे. योगायोग म्हणायचा.

दुपारी जेवण झाल्यावर तामारनं पेटी पुढ्यात आणून ठेवली. म्हणाली, "माझा कागद वाचून दाखव. नऊ वर्षांत एकदाही ऐकला नाही."

मी न्हावी आहे, हात हलू देत नाही. खरेदीखत काढलं, घसा साफ केला आणि मनानंच मुक्तीपत्र म्हणायला लागलो. "मी, लेम्युएल पेव्ही, देवाच्या आणि माणसांच्या साक्षीनं, माझी प्रिय पत्नी तामार हिला आजपासून सर्व बंधनांतून..." असं बरंच. इतकं छान जमलं की माझेच डोळे भरून आले.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "वर्तमानपत्र वाचतोस तेव्हा तुझे डोळे इकडून तिकडे जातात. आत्ता एका जागी होते."

"पाठ आहे मला."

"हो," म्हणाली. "पाठच दिसतंय." आणि कागद माझ्या हातून घेऊन स्वतः घडी घातली. घडीवर घडी, अगदी जुन्याच रेषांवर.

खूश झाली असावी.

२६ जुलै, गुरुवार

पटकी आली. बंदरावर पहिल्यांदा, मग आमच्या लोकांच्या गल्ल्यांत. दारोदार चुना टाकतायत. सकाळी बोलणारा माणूस संध्याकाळी नसतो.

टॅबसाहेब आले. माणसं कमी म्हणून निवांत होते. "लेम, नदीपलीकडचा तो पिंपं करणारा मोकळा काळा आठवतो? गेला पटकीनं. आता गंमत बघ. बायको आणि दोन पोरी त्याच्याच नावावर. त्यानं विकत घेतलेल्या. मृत्युपत्र नाही, मोकळा वारस नाही. बायको तर त्याची मालमत्ता, ती वारस कशी होणार?"

"मग साहेब?"

"मग सरकारजमा. बेवारस मालमत्तेचे पैसे जातात शाळांच्या निधीत. गरीब गोऱ्या पोरांना शिकवायला. तिघींचा लिलाव पुढच्या महिन्यात." आरशात बघून हसले. "तू मात्र मरू नकोस हं. तुझी बायको माझ्या कॉलरी फार सुरेख करते."

वस्तरा त्यांच्या गळ्यावर होता. हात हलला नाही, एवढंच लिहितो.

मागच्या खोलीतून चर्र असा आवाज आला आणि जळका वास. इस्त्री कुठंतरी टेकली असणार. तामारनं हाक दिली नाही, म्हणजे काही विशेष नसावं.

सोमवारी मुक्तीपत्र करायचं. ठरलं.

३१ जुलै, मंगळवार

पटकीमुळे कोर्ट बंद. खरं सांगायचं तर कुलूप बघून मला हायसं वाटलं आणि मग त्याची लाज वाटली. मसुदा लिहून ठेवला आहे. तारखेची जागा मोकळी, सहीची मोकळी. या वहीतच ठेवतो.

काही होत नाही मला. मी रोज उकळलेली कॉफी पितो. आज जरा पाय भरून आलेत, उभं राहून.

७ ऑगस्ट, मंगळवार

हे लेमनं लिहिलेलं नाही. तामार लिहिते आहे.

लेम सहा दिवस पडून आहे. दोन दिवस मला ओळखत नव्हता. आज पेज पोटात राहिली. पायाशी गरम विटा ठेवल्या आहेत. तो झोपला आहे, आणि मला कुणाशी तरी बोलायचं आहे.

अक्षरं मी कॉलरींवर शिकले. टॅबसाहेबांच्या शर्टावर दोन, कॅप्टनच्या शर्टावर दोन. वीस वर्षांत सगळी टाचून झाली. ती जोडायची कशी ते लेमनं दाखवलं, रोज सकाळी बोट ठेवून. आपण शिकवलं हे त्याला ठाऊक नाही. शिकलेलं विसरू नये म्हणून मी तुकडे ओळीनं लावत होते. तेही त्याला ठाऊक नाही.

पेटीतला कागद मी जूनमध्ये वाचला. चार दिवस लागले. तामार नावाची बाई, उत्तम धोबीण, लेम्युएल पेव्ही आणि त्याच्या वारसांकडे कायमची. 'कायमची' हा शब्द मला येत नव्हता. जमीन विकायच्या एका जाहिरातीत तो सापडला, तेव्हा कळला.

मग किल्ली शोधली आणि ही वही वाचली. मग त्याला म्हटलं, कागद वाचून दाखव. सांगायची संधी दिली. त्यानं दुसरंच वाचलं. सुंदर वाचलं. त्यातलं अर्धं खरं असतं तरी मी रडले असते.

मसुदा समोर ठेवून त्याच्या हातात लेखणी देता आली असती. पण त्याला शुद्ध नव्हती. शुद्ध नसलेल्या माणसाकडून मला काही नको.

माझ्या एप्रनच्या खिशात एक चिठ्ठी आहे. मी लिहिली आहे. "माझी बाई तामार हिला उत्तरेच्या जहाजावर जाऊ द्यावे. लेम्युएल पेव्ही." अक्षर त्याच्यासारखं यावं म्हणून वस्तऱ्याच्या कागदांच्या कडांवर वीस वेळा गिरवलं. त्याचा श्वास थांबला तर त्याच घटकेला मी बंदरावर जाईन. डोळे मिटवायलाही थांबणार नाही.

तो मरू नये असं मला वाटतं. रात्रंदिवस वाटतं. पण नवरा म्हणून वाटतं की कागद म्हणून, ते मला सांगता येत नाही. निदान हे तरी मला कळू द्यायला हवं होतं, लेम. तेवढंही तू माझं ठेवलं नाहीस.

१४ ऑगस्ट, मंगळवार

आज बसता आलं. वही मागितली. तिनं कुलूप न उघडता दिली. वही बाहेरच होती.

तिचं पान मी चार वेळा वाचलं. हात बघितला, हलत होता. अशक्तपणा असेल.

ती पेज घेऊन आली. मी विचारलं, "कधीपासून येतं तुला?"

"तुझं विचारायचं राहून गेलं तेव्हापासून."

"मला सांगायचं नाही?"

"तू मला सांगितलंस?"

"तुझ्या भल्यासाठीच गं."

"माझी आधीची मालकीणही भल्यासाठीच म्हणायची. पण ती कागद वाचायची तेव्हा त्यात असेल तेच वाचायची." चमचा पुढे केला. "तोंड उघड."

उघडलं. काय करणार. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकून पोट भरलं, आणि माझ्याच घरात कात्री काय बोलत होती ते ऐकू आलं नाही.

पेज संपल्यावर म्हटलं, "चिठ्ठी तयार होती. मी शुद्धीवर नव्हतो. गेली का नाहीस?"

"पटकीच्या माणसाला पेज कोण पाजणार होतं? कॅप्टन ट्रस्लो?"

"एवढंच?"

"बाकीचं वहीत आहे. वाच. तुला येतं ना."

२७ ऑगस्ट, सोमवार

कोर्ट उघडलं. पाय अजून लटपटतात, पण चालत गेलो. साक्षीदार हॅडली आणि कॅप्टन ट्रस्लो. मसुदा तामारनं आदल्या दिवशी वाचून बघितला होता. 'प्रिय पत्नी'वर बोट ठेवून म्हणाली, "हे काढ. कोर्टाला काय करायचंय त्याच्याशी. ते मला वेगळं लिहून दे, आणि घाईनं नको." काढलं.

टॅबसाहेबांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर ढकलला. "लेम, वर्षात जावं लागेल हिला. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे साहेब."

"आणि तूही जाशील तिच्या मागे."

"तिनं येऊ दिलं तर."

त्यांना विनोद वाटला, हसले. तामार हसली नाही. मीही विनोद केला नव्हता.

मग मोकळ्या माणसांच्या नोंदवहीत वर्णन. उंची पाच फूट दोन. रंग पिवळसर. "खूण?" म्हणून विचारलं. तिनं डावी बाही वर केली. मनगटावर इस्त्रीच्या टोकाचा डाग, नुकताच भरलेला. टॅबसाहेब म्हणाले, "हे कधी झालं?"

"जुलैत," ती म्हणाली. "तुमच्याच कॉलरी करत होते साहेब."

मी खाली बघितलं.

शेवटी त्यांनी वही तिच्यापुढे फिरवली. "इथं फुली मार." मला उगाच चेव आला. माझी बायको, या हाताचं त्या हाताला कळू न देता शिकलेली; मी तोंड उघडणार, एवढ्यात तिची टाच माझ्या पायावर पडली. तिनं लेखणी मुठीत धरली, झाडूसारखी, जीभ दातांत धरून एक वाकडीतिकडी फुली काढली आणि शाईचा एक डागही पाडला.

"शाबास," टॅबसाहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर म्हणाली, "चाबकाचा कायदा तूच मला वाचून दाखवला होतास. बोट ठेवून."

९ सप्टेंबर, रविवार

गावात बातमी पसरली. कॅप्टन ट्रस्लो म्हणाले, "फिलाडेल्फियात गल्ली कुठली ते कळव, जहाज तिकडे लागलं की दाढी तुझ्याकडेच." बाकीच्यांपैकी दोघं-तिघं पलीकडच्या न्हाव्याकडे जायला लागले. चालायचंच.

आज हॅडली आले. मी त्यांना म्हटलं, "साहेब, ते पुस्तकाचं. मला वाटतं तुम्ही चुकीच्या माणसाला वही दिलीत."

तामारनं इस्त्री बाजूला ठेवली. "त्याची त्याच्याकडे राहू द्या," म्हणाली. "मला वेगळी आणून द्या. जाड. याच्या वहीत माझं मावणार नाही."

हॅडलींच्या पिशवीत एक होतीच. त्यांनी विचारलं, "छापायला देशील?"

"आधी लिहू द्या. छापायचं मागाहून बघू."

ते गेल्यावर ती खिडकीपाशी बसली. एप्रनच्या खिशातून ती चिठ्ठी काढली आणि वहीत खुणेला घातली. मी म्हटलं, "आता तिचं काय काम? तुझा खरा कागद झाला की."

"असू दे. माझ्या हातचं पहिलं लिखाण आहे."

मग लिहीत राहिली. बराच वेळ. मध्ये थांबायची, माझ्याकडे बघायची आणि परत खाली मान. दोन पानं भरली, तिसरं उलटलं. मी वस्तऱ्यांना धार लावत होतो. तीच ती धार तीनदा लावून झाली. कॉफीत आज काकवी होती, पण तिनं ती माझ्यासाठी घातली की सवयीनं, ते विचारायचं धाडस झालं नाही.

शेवटी राहवलं नाही. "बरंच लिहिलंस," म्हटलं. "काय लिहिलंस?"

तिनं वही कुलपात ठेवली, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"हवा."